बांबू झाड की गवत?

परवा मेंढा-लेखाचा विषय निघाला आणि परत तोच बांबू डोक्यात बसला. गडचिरोलीतलं छोटंसं गोंड गाव, 2006च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला, म्हणजे कागदावर जंगलाचा कारभार गावाकडे, पण बांबू तोडून बाहेर न्यायचा तर वाहतूक पास वनखात्याकडूनच! आता गंमत बघा, 1927च्या वन कायद्यात बांबू तेव्हा झाडात मोजलेला, म्हणजे खात्याचा, आणि 2006च्यात तोच गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, ज्यावर गावाचा हक्क, मग खातं आपलं जुनंच पुस्तक धरून बसलेलं, आणि गावही हटेना. या वाहतूक पासांच्या एका पुस्तकासाठी, म्हणजे पासबुकासाठी, केंद्रीय मंत्र्याला गडचिरोली गाठावं लागलं, काय बोलणार! एप्रिल 2011 मध्ये जयराम रमेश यांनी ते ग्रामसभेच्या हातात दिलं, आणि 2012 मध्ये नियमच बदलला, पास आता ग्रामसभेची समिती देणार.