पाखाडीवरचा हायवे

आत्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रांगेत उभा होतो. "तू कॉम्प्युटरातला ना रे? मग एकदा ये आणि आमचं घर जाग्यावर नेऊन ठेव. ते खाजणात गेलंय."

आत्याचं सासर केळशी आणि आंजर्ल्याच्या मधल्या पट्ट्यात आहे. गावाचं नाव लिहायला तिची मनाई आहे. येतात तेवढी माणसं पुरेत, असं तिचं म्हणणं. मुलं मुंबईला गेली, घर मोठं, म्हणून चार वर्षांपूर्वी तिने आणि आतोबांनी दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. उकडीचे मोदक, सोलकढी, संध्याकाळी समुद्र. सगळं उत्तम चाललं होतं, फक्त पाहुणे घरी पोचत नव्हते. फोनवर पत्ता टाकला की निळी रेघ त्यांना खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या चिखलात, नेऊन सोडायची. जानेवारीत तर पुण्याची एक गाडी रात्री साडेनऊला पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर, चढली आणि तिसऱ्या पायरीवर पोटावर बसली. गाडीचं पुढे काय झालं ते आत्याने सांगितलं नाही. पायरीच्या जांभ्याचा टवका कसा उडाला ते मात्र दोनदा सांगितलं.

माझ्या पोटात गोळा आला, कारण हे कसं झालं असेल ते मला ऐकताक्षणी कळलं होतं. मी पार्सलं पोचवणाऱ्या कंपन्यांसाठी पत्ते शोधणारं सॉफ्टवेअर लिहितो. घराचं नाव सापडलं नाही तर गल्ली बघायची, गल्ली नाही तर गाव, आणि गावाशिवाय काहीच नसेल तर गावाच्या हद्दीचा मध्यबिंदू द्यायचा. ही ओळ आमच्या कोडमध्ये मी स्वतःच्या हाताने लिहिली आहे. कोथरूडमध्ये ती खपून जाते. पण किनाऱ्यावरचं गाव विळ्यासारखं लांब आणि वाकडं, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. विळ्याचा मध्यबिंदू पात्यावर पडत नाही, पोकळीत पडतो. ती पोकळी म्हणजे आत्याच्या गावचं खाजण.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी निघालो. बायको गाडी चालवत होती, मी नेहमीप्रमाणे नकाशात. मनगटावर नवीन घड्याळ होतं, त्याबद्दल घरात एक लहानसं भांडण होऊन गेलेलं. हे घड्याळ जीपीएसच्या उपग्रहांना एल-वन आणि एल-फाइव्ह अशा दोन लहरींवर ऐकतं. "आधीचं एका लहरीवर ऐकायचं, तेव्हा आपण कुठे हरवलो होतो?" हा बायकोचा प्रश्न. पौडच्या पुढे लागलो तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुळशीचं धरण उजव्या हाताला येत-जात राहतं. नकाशात तो सगळा भाग एकसारखा निळा. १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो याच निळ्यापायी. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी आणि गावं पाण्याखाली जाणार होती, गेलीही. त्या निळ्यावर बोट ठेवून कितीही मोठं केलं तरी खाली काही उमटत नाही.

ताम्हिणीत शिरल्यावर नेटवर्क गेलं. डोंगर करपलेले, मध्येच एखादी काटेसावर लालभडक. नेहमीच्या अ‍ॅपमध्ये रस्ता, गावं सगळं पुसलं गेलं आणि करड्या रिकाम्या पडद्यावर आमचा निळा ठिपका एकटाच नागमोडी पळायला लागला. "जीपीएस गेलं बहुतेक," बायको म्हणाली. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की उत्तर पाठ झालंय. जीपीएस कुठे जात नाही. उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवरून आपापली वेळ सांगत फिरतात, फोन नुसता ऐकतो. चार उपग्रह ऐकू आले की झालं. तीन जागेसाठी, आणि चौथा फोनच्या स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठी. जातं ते नेटवर्क, आणि त्याबरोबर ठिपक्याखालचं चित्र. मी घरूनच ओपनस्ट्रीटमॅपचा अख्ख्या महाराष्ट्राचा नकाशा फोनमध्ये उतरवून आणला होता, तो ऐटीत उघडून दाखवला.

"रस्ता एकच आहे," बायको म्हणाली. "तो नकाशात काय बघायचा?"

माणगावला मिसळ खाल्ली. ती ठीकठाक होती.

पुढे म्हसळ्याच्या वाटेला लागलो आणि अ‍ॅपमधली बाई हट्टाला पेटली. तिला आम्हाला मागे वळवून आंबेतच्या पुलावरून सावित्री ओलांडायला लावायची होती. आम्हाला जायचं होतं बागमांडल्याला, तिथून गाडीसकट जंगलजेटमध्ये बसून खाडीपलीकडे वेसवीला. प्रत्येक फाट्यावर "यू-टर्न घ्या". मी त्या प्रोग्रॅमला मनसोक्त शिव्या दिल्या, आमच्या धंद्यातल्या लोकांची अक्कल काढली. मग बायकोने चहाच्या टपरीशी गाडी थांबवली, फोन हातात घेतला, सेटिंग उघडलं. 'फेरी टाळा' ही खूण चालू होती. गेल्या वर्षी गोव्यात दिवाडीच्या फेरीच्या रांगेत तासभर काढल्यावर मीच वैतागून ती लावली होती.

यंत्राच्या लेखी रस्ते म्हणजे नुसत्या गाठी आणि गाठींमधले दोरे. प्रत्येक दोऱ्याला एक किंमत, बहुधा मिनिटांत. सगळ्यांत स्वस्त वाट कशी काढायची ते डाइक्स्ट्रा नावाच्या डच संगणकशास्त्रज्ञाने १९५९ सालीच लिहून ठेवलंय, आम्ही अजून त्याच्याच जिवावर पगार घेतो. पण फेरीचा दोरा काढून टाकला की बागमांडलं हे यंत्राला जगाचं टोक. समोर वेसवी दिसत असते, पलीकडच्या धक्क्यावरचा माणूस ओळखू येतो, आणि ही बाई आपली आंबेतला चला म्हणते.

जंगलजेट दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे नेते. दोन ट्रक, एक एसटीएवढी लांब पर्यटकांची बस, सहा-सात गाड्या आणि टोपलीभर सुरमई घेऊन बसलेल्या दोघी. उजवीकडे खाडीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला. इंग्रजांनी १७५०च्या दशकात तो ताब्यात घेतला तेव्हा त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं होतं. इथे कुणी त्या नावाने विचारलं तर रस्ता सापडणार नाही.

आत्या बेड्यापाशी, म्हणजे अंगणाच्या फाटकापाशी, उभीच होती. "सापडलं का घर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागलो. मूळ दुखणं दुहेरी होतं. पिन खाजणात, हे एक. दुसरं म्हणजे खाजणातल्या पिनपासून सगळ्यांत जवळचा 'रस्ता' म्हणजे पाखाडी. ती कुणीतरी उपग्रहाच्या फोटोवरून साध्या गाडीरस्त्यासारखी आखली होती. त्या माणसाचीही चूक म्हणवत नाही. वरून बघितलं तर माडा-पोफळींच्या गर्दीतून जाणारी एक मोकळी पट्टी दिसते. पायऱ्या वरून दिसत नाहीत. त्या पायांनाच कळतात.

म्हणून पाखाडी चालून यायचं ठरलं. आत्या म्हणाली, "मी येते. तू एकटा गेलास तर कुणाच्या तरी आगरात शिरशील."

दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, त्यांवर सुकलेलं शेवाळ, वर फणस आणि आंबा एकमेकांत गेलेले. मोहोराचा वास इतका की नाक चुरचुरत होतं. जुन्या फोनवर आणि नव्या घड्याळावर एकाच वेळी मार्ग नोंदवत होतो. दर दहा पावलांना मी पडदा बघायचो आणि आत्या थांबायची. तिला वाटलं मला दम लागतोय.

अशा जागी उपग्रहाचा संदेश सरळ येत नाही. पानांमधून मंदावतो, दरडीवर आपटून उशिरा पोचतो, आणि फोन बिचारा त्या उशिरालाच अंतर समजतो. घरी येऊन दोन्ही रेघा एकावर एक ठेवल्या. फोनची रेघ तीन वेळा गडगा ओलांडून शेजाऱ्यांच्या विहिरीपर्यंत गेली होती, घड्याळाची बऱ्यापैकी पाखाडीतच राहिली. बायकोला दाखवली. ती "बरं" म्हणाली. हा विजय मी इथे नोंदवून ठेवतो. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत तर अमेरिका नागरी वापराच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळायची, शंभरेक मीटरपर्यंतची. तेव्हा मोजायला आलो असतो तर पाखाडी आतोबांच्या सुपारीच्या आगरातून थेट समुद्राकडे निघाली असती.

चढताना आत्या काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं स्तोत्र. वर देवळापाशी पोचल्यावर म्हणाली, "एकशे बारा."

"काय एकशे बारा?"

"पायऱ्या. लग्न होऊन आले तेव्हा एकशे चौदा होत्या. खालच्या दोन रस्ता केला तेव्हा डांबराखाली गेल्या."

घड्याळात हवेचा दाब मोजणारा वायुभारमापकही आहे. साधारण आठ मीटर वर गेलं की दाब एक मिलिबारने उतरतो, त्यावरून ते चढ काढतं. त्याने दाखवलं एकोणीस मीटर. मी एका पायरीची उंची बोटांनी मापली, साडेसहा इंचांच्या आसपास भरली. एकशे बाराने गुणलं. साडेअठरा मीटर. आत्याला हिशोब दाखवला तर ती म्हणाली, "मग घड्याळ बरोबर आहे की तुझं."

दुपारी ओटीवर बसून लॅपटॉप उघडला. आतोबा अडकित्त्याने सुपारी कातरत शेजारी येऊन बसले. नेहमीच्या अ‍ॅपला पिन सरकवायची विनंती पाठवली. ती तिथला कोणीतरी, किंवा काहीतरी, तपासणार आणि सवडीने कळवणार. ओपनस्ट्रीटमॅपचं तसं नाही. २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला हा नकाशा कुणीही दुरुस्त करावा असाच आहे, विकिपीडियासारखा. घर टाकलं, बेडं टाकलं, गाडी लावायची वडाखालची जागा टाकली. मग पाखाडी. तिथे एक गंमत आहे. या नकाशाच्या व्याकरणात माणसाच्या येण्याजाण्याची कुठलीही वाट आधी 'हायवे' असते, मग तिचा प्रकार. त्यामुळे आमच्या पाखाडीवर मी लिहिलं : हायवे, बरोबरची खूण, स्टेप्स. पायऱ्यांची संख्या : ११२.

आतोबांनी चष्मा वर करून वाचलं. "हायवे?"

"तसं लिहावं लागतं, आतोबा."

"मग नुकसानभरपाई कधी मिळणार?" मुंबई-गोवा महामार्गाला जमीन गेलेले त्यांचे एक मावसभाऊ आहेत, त्यामुळे हा विषय घरात ताजा असतो.

शेवटचा रकाना नावाचा. मी म्हटलं, देवळाची पाखाडी लिहू? आत्या हो म्हणाली. आतोबांचा अडकित्ता थांबला. "देवळाची कसली? शिंप्याची पाखाडी ती. माझा आजा शिंप्याचीच म्हणायचा."

"इथे शिंपी कुठाय आता?"

"आता नसेल. होता."

अर्धा तास गेला. शेजारच्या काकू ताक मागायला आल्या होत्या, त्यांनी आत्याची बाजू घेतली आणि ताक विसरून गेल्या. नकाशात एक मुख्य नाव आणि एक पर्यायी नाव देता येतं, असं सांगून मी तह करायला बघितला. तर मुख्य कुठलं यावरून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी घर आत्याच्या नावाने चालतं म्हणून 'देवळाची' मुख्य आणि 'शिंप्याची' पर्यायी लिहिलं, आणि आतोबा रात्री जेवताना माझ्याशी फार बोलले नाहीत.

रविवारी परत आलो, येताना फेरीची खूण तपासून. पुढच्या शनिवारी नाशिकचे पाहुणे वडाखाली गाडी लावून चालत बेड्यापर्यंत आले, असा आत्याचा निरोप आला. ते कुठला नकाशा बघून आले ते मी विचारलं नाही.

दहा-बारा दिवसांनी सहज ती पाखाडी उघडून बघितली. पायऱ्या जागच्या जागी, ११२. पण कुणा अनोळखी सभासदाने नाव बदललं होतं. ना देवळाची, ना शिंप्याची. 'वडाची पाखाडी'. आत्याला फोन लावला.

"हां," ती म्हणाली, "खालच्या आळीतले तसं म्हणतात."

"मग काय करू? बदलू?"

पलीकडे बराच वेळ नुसता रहाटाचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "राहू दे. त्यांची मुलं पण मुंबईलाच आहेत."