खेचरांची लादणी, दोन मुठींची करवत

रानातल्या पायवाटा साफ करायला निघालो. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या कॅलिस्पेल गावाहून हंगरी हॉर्स, आणि तिथून धरणाच्या कडेकडेनं स्पॉटेड बेअरपर्यंत खडीचा रस्ता. मागे घोड्यांचा ट्रेलर असला की हा रस्ता संपता संपत नाही. पुढच्या गाडीची धूळ ट्रेलरमधल्या जनावरांच्या नाकात जाते, म्हणून भरपूर अंतर ठेवायचं. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

पुढे बॉब मार्शल वाइल्डरनेस: मोंटानातलं दहा लाख एकरांचं, गाडीरस्ता नसलेलं रान. 1964 च्या वाइल्डरनेस कायद्यामुळे इथे चेनसॉ चालत नाही, सायकल चालत नाही, माती वाहायची एकचाकी हातगाडीसुद्धा चालत नाही. हिवाळ्यात पायवाटांवर झाडं आडवी होतात. ती हातानं कापायची आणि त्यासाठीचं सामान जनावरांच्या पाठीवर न्यायचं. यातलं बरंच काम घोडेस्वार स्वयंसेवकांचे क्लब करतात. त्यांची देशभरची संघटना, 'बॅक कंट्री हॉर्समेन', 1973 मध्ये कॅलिस्पेलच्या याच फ्लॅटहेड खोऱ्यात सुरू झाली.

रपेटीच्या हौसेनं येणारे पहिल्याच सकाळी हिरमुसतात, कारण ती सकाळ वजनकाट्यापाशी जाते. खेचराच्या दोन्ही बाजूंना कॅनव्हासमध्ये बांधलेला एकेक गठ्ठा, प्रत्येकी सत्तरेक पौंडांचा, म्हणजे साधारण 32 किलोचा. दोन्हींत एक-दोन पौंडांपेक्षा जास्त फरक नको. तीन-चार पौंडांनी काय बिघडतं, असं नव्या माणसाला वाटतं. बिघडतं हे, की चढावर खोगीर जड बाजूला सरकत जातं, पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, कितीही आवळला तरी. मग ते खांद्याच्या उंचवट्यावर घासतं, आणि संध्याकाळी तिथे सूज दिसली की ते जनावर पुढे कामाचं राहत नाही. अगदीच अडलं तर हलक्या बाजूला दगड घालतात. दगड वाहून नेणं मूर्खपणाचं दिसतं, पण खेचराची पाठ सोलण्यापेक्षा बरं.

तांड्यात खेचरं एकामागे एक बांधतात, पण थेट नाही. पुढच्याच्या खोगिराला बारीक दोरीचा फास असतो आणि मागच्याचा दोर त्यात अडकवतात. एखादं जनावर उतारावर घसरलं तर फास तुटतो आणि बाकीची वाचतात. हा फास 'मजबूत' करून देणारा उत्साही माणूस प्रत्येक गटात एक तरी निघतो. त्याला सरपणाच्या कामाला लावावं.

आता करवत. दोन माणसांची, पाचसहा फुटी. जुन्या करवती नव्यांपेक्षा सरस, हे माझं ठाम मत. त्यांचं पातं दातांकडे जाड आणि पाठीकडे पातळ घासलेलं असतं, त्यामुळे ते कापात कमी अडकतं. नेताना दातांवर आगीच्या बंबाच्या जुन्या होजचा उभा चिरलेला तुकडा चढवतात. कापायच्या जागेवरची साल आधी कुऱ्हाडीनं काढायची, कारण सालीत वाळू असते आणि वाळू धार खाते. ओढायचं, ढकलायचं नाही. ढकललं की पातं वाकतं आणि समोरचा माणूस शिव्या घालतो. धार नीट असेल तर शेवयांसारखे लांब तंतू बाहेर पडतात. नुसता भुसा पडत असेल तर दात बोथट झालेत. पात्यावर डिंक बसला की रॉकेलचा हात फिरवायचा.

खरी अक्कल लागते ती ओंडक्याचा ताण ओळखायला. दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्ये पोकळी असेल तर वरचा भाग दाबाखाली असतो. वरून कापलं की काप मिटतो आणि करवत जबड्यात सापडते. म्हणून पातं पुरेसं खोल गेलं, की त्याच्या पाठीमागे लगेच पाचर ठोकायची आणि शेवटचा भाग खालून कापायचा. एकच टोक टेकलेलं असेल तर गणित उलटं: ताण वर, दाब खाली. उतारावर आणखी एक भानगड, तुकडा सुटला की गडगडतो. दोघांपैकी जो उताराच्या बाजूला असेल त्यानं शेवटचे काप सोडून वर यायचं. शेवट एकट्यानं ओढायचा. इथे घाई करणाऱ्याबरोबर मी करवत धरत नाही. वनखात्याच्या जमिनीवर करवत चालवायला त्यांचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते योग्यच आहे.

ओंडके कापल्याचे फोटो निघतात, चर साफ केल्याचे कोणी काढत नाही. पण वाट वाचते ती चरांमुळे. घोडे वाटेच्या बाहेरच्या कडेनं चालतात, मध्ये खळगा पडतो, कडेला मातीचा बांध चढतो आणि पाणी वाटेवरूनच ओढ्यासारखं वाहू लागतं. तो बांध फोडायचा, आडव्या चरातला गाळ उपसायचा, पाणी उताराकडे काढून द्यायचं. पुलास्की नावाचं अवजार हातात असलं की फोडणं आणि उपसणं दोन्ही होतं. एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळ. पाठीचा मात्र निकाल लागतो.

मुक्कामी घोडे झाडाला बांधत नाहीत, खुरांनी मुळं उघडी पडतात. दोन झाडांना रुंद पट्टे गुंडाळून डोक्यावरून दोर ताणायचा, पाण्यापासून 200 फूट लांब, आणि त्याला जनावरं. गवत तणमुक्त असल्याचा दाखला असलेलंच न्यायचं, सकाळी लीद पांगवायची.

जेवण मात्र झकास. ओझं खेचराचं, त्यामुळे बिडाच्या तव्यापासून अंड्यांपर्यंत सगळं येतं. शाकाहारी माणसानं मात्र बटाटे आणि ब्रेडवर विसंबू नये. पोहे, मेतकूट, तुपाची छोटी बरणी काट्यावर नगण्य भरते आणि कोणी हरकत घेत नाही. ग्रिझली अस्वलांचा मुलूख आहे, तेव्हा रात्री हे सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या पेटीत, नाहीतर जमिनीपासून 10 फूट उंच आणि खोडापासून 4 फूट लांब टांगून ठेवायचं. टूथपेस्टही त्यातच, आणि घोड्यांचा गोळीखुराकही, तो सगळ्यात जास्त विसरला जातो.