काचेच्या छपराखाली भेटलेला ब्रह्मदेव

पॅरिसचे पहिले तीन दिवस रांगांमध्ये उभं राहण्यात गेले, त्याबद्दल लिहावंसं वाटत नाही. चौथ्या दुपारी बुलव्हार मॉंमार्त्रवर पावसाने गाठलं, छत्री खोलीवर राहिलेली. समोर दिसलेल्या कमानीत शिरले. ते ‘पासाज दे पॅनोरामा’ निघालं.

दोन रस्त्यांना जोडणारा बोळ, दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर काचेचं छप्पर. रुंदी आपल्या पेठेतल्या गल्लीएवढीच. पावसाचा आवाज वरून बारीक, एकसारखा येत होता.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हा बोळ झाला तेव्हा पॅरिसच्या बहुतेक रस्त्यांना फुटपाथ नव्हते. मधोमध गटार वाहायचं, घोडागाड्या चिखल उडवायच्या. कपडे न मळता दुकानं बघत फिरायची ही सोय लोकांना इतकी आवडली की पुढच्या 50-60 वर्षांत असे शंभराहून जास्त पासाज उभे राहिले. मग शहराची फेररचना करणाऱ्या ओसमान या प्रशासकाने रुंद रस्ते काढले, मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स आली आणि गिऱ्हाईक तिकडे गेलं. आता वीसेक उरलेत. मला याचं फार वाईट वाटलं.

या बोळात जुन्या टपाल तिकिटांची दुकानं आहेत. एका काचेशी मी रेंगाळले, कारण बाबांनी आयुष्यभर तिकिटं जमवली. आतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दार उघडलं, “इंडिया?” विचारलं, खुर्ची दिली आणि एक वही पुढ्यात ठेवली. फ्रेंच भारताची तिकिटं! पाँडिचेरी फ्रेंचांकडे होतं त्या काळातली. त्यांनी चिमट्याने एक उचलून भिंगाखाली धरलं. चक्क ब्रह्मदेव! वर फ्रेंच अक्षरं आणि 1923 नंतरचा छाप: किंमत फ्रँकमध्ये नाही, फनम आणि काशात. 24 काशांचा एक फनम, आठ फनमांचा रुपया, हे त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. अर्धा तास गेला, पण ‘घेणार का?’ असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. तीन दिवसांत इतक्या आपुलकीने माझ्याशी कुणीच बोललं नव्हतं.

तिकीट घेतलं. पाऊस थांबला होता, तरी रस्ता ओलांडून समोरच्या पासाज जुफ्रुआमध्ये शिरले आणि तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकीट कॅमेऱ्यासमोर धरलं. बाबा चष्मा पुसून परत जवळ आले.

“अगं, हात हलवू नकोस. कडेचे दाते शाबूत आहेत का, ते बघू दे आधी.”