४२ शिखरं आणि एक रिकामा रकाना

रविवार, रात्र

दुपारभर एक्सेल उघडून बसले होते. ४२ ओळी, पहिली स्किडॉ, शेवटची रॉबिन्सन. जूनमध्ये बॉब ग्रॅहम राउंड, म्हणजे इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या ४२ शिखरांची पळत करायची फेरी, करायचा असं जानेवारीत बोलून मोकळी झाले, आता आकडे डोळ्यांसमोर आहेत. सुमारे १०६ किलोमीटर, ८,२०० मीटर चढ. केझिक गावातल्या मूट हॉलच्या दारातून निघायचं आणि २४ तासांच्या आत त्याच दाराला हात लावायचा.

आईला फोनवर सांगत होते तर मागून बाबांचा आवाज, "फेल रनिंग? म्हणजे नापास?" अहो, इकडे लेक डिस्ट्रिक्टमध्ये डोंगराला फेल म्हणतात. (बाबांचा अर्थही खरा ठरू शकतो, ते सोडा.) सगळ्यात उंच स्काफेल पाइक, तोही ९७८ मीटरच, हे ऐकून ते आणखी निवांत झाले. कळसूबाई १,६४६ ना! मग मी हिशेब सांगितला: समुद्रापासून कळसूबाई, तीही पाचदा, एका दिवसात. त्यावर फोन आईकडे गेला.

चालणाऱ्यांसाठी नेस्मिथचा जुना ठोकताळा आहे: ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक. त्याने माझे ३५ तास होतात. मी कागदावर २३ बसवलेत.

सुटायचं संध्याकाळी ७ ला. म्हणजे स्किडॉ उजेडात, आणि अंधार येईल तो हेल्वेलिनच्या धारेवर. तिथे बराचसा रुंद, गवताळ माथा आहे, हेडटॉर्चवर निभावतं. स्काफेलचे दगडधोंडे मात्र दिवसाच हवेत. स्काफेल पाइकवरून शेजारच्या स्काफेल शिखराला जायची सरळ वाट ब्रॉड स्टँडच्या कातळातून आहे. मागच्या वर्षी तो कातळ खालून बघितला आणि पोटात गोळा आला. मी फॉक्सेस टार्न या तळ्याच्या वाटेने उतरून पुन्हा चढणार. वेळ जाईल, जाऊ दे.

खरं अडलंय ते वेगळंच. बॉब ग्रॅहम क्लबच्या यादीत नाव यायचं तर प्रत्येक शिखरावर सोबत साक्षीदार लागतो. १९३२ मध्ये ही ४२ शिखरं पहिल्यांदा करणाऱ्या खुद्द ग्रॅहमबरोबरही सोबती होते. म्हणजे पाच टप्प्यांना मिळून आठ-दहा माणसं, आणि दुसरा टप्पा संपतो त्या डनमेल रेझ खिंडीच्या रस्त्याकडेला पहाटे चार वाजता गरम भाताचा डबा घेऊन उभं राहणारं कोणी तरी. चढाचा सराव मी पावसात, चिखलात केलाय. "माझ्यासाठी एक रात्र जागाल का?" हे विचारायचा सराव नाही. आपल्याकडे कुणाला तसदी द्यायची म्हणजे आधी दहा वेळा "काही घाई नाही हं" म्हणायचं. इथल्या लोकांना तेच कळत नाही. घाई नाही म्हटलं की ते खरंच विसरतात.

शेवटी मंगळवारच्या सरावातल्या निवृत्त पोस्टमन काकांना मेसेज टाकला. तीन वेळा लिहिला, दोनदा खोडला. चार मिनिटांत उत्तर: "तिसरा टप्पा माझा. फक्त गूळ-शेंगदाण्याचे लाडू आण." १५ शिखरांना एक नाव लागलं.

दुसरा टप्पा, रात्री ११ ते पहाटे ४, अजून रिकामा आहे. दोन नावं मनात आहेत. एकीचं बाळ जेमतेम वर्षाचं. दुसऱ्याला उद्या विचारते. उद्या नक्की.