आठवीत माध्यम बदललं: मराठी शाळेतून कॉन्व्हेंटमध्ये

आमच्या लेकीची शाळा सातवीपर्यंतच, त्यामुळे हायस्कूल शोधणं भागच होतं. आम्ही ठाण्यात चरईत राहतो. तिला पायी जाता येईल अशा अंतरावर इंग्रजी माध्यमाचं एक जुनं कॅथलिक हायस्कूल आहे, आणि आठवीला तिथे काही जागा रिकाम्या होत्या. पण ज्याला विचारावं तो म्हणायचा, आठवीत माध्यम बदलू नका, मुलगी मागे पडेल. आज ज्या घरात हाच विचार चालला असेल, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एक गैरसमज. शेजारच्या वहिनींनी आरटीईतून, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांसाठी, अर्ज भरायला सुचवलं होतं. ती लॉटरी पहिलीसारख्या सुरुवातीच्या वर्गासाठी असते, आठवीसाठी नाही. शिवाय 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अशा ख्रिस्ती, म्हणजे अल्पसंख्याक शाळांना हे 25 टक्के प्रवेश लागूच होत नाहीत. अर्ज थेट शाळेच्या ऑफिसात करायचा. शाळा सोडल्याचा दाखला, सातवीचं प्रगतिपुस्तक, जन्मदाखला, आधार, एवढे कागद लागले. खोळंबा झाला तो सरल पोर्टलवर, म्हणजे विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर. नवी शाळा तिथे मुलाची रिक्वेस्ट टाकते आणि जुन्या शाळेला ती मंजूर करावी लागते. ते काम पाहणाऱ्या जुन्या शाळेतल्या बाई सुट्टीवर होत्या. दाखला हातात मिळतानाच हे विचारून घ्यावं, म्हणजे पुढचे हेलपाटे वाचतात. नव्या शाळेने मात्र तेवढ्यासाठी तिला घरी बसवलं नाही.

सासूबाईंची काळजी वेगळी होती. तिथे रोज येशूची प्रार्थना, मग आपल्या पोरीचं काय? त्यांची काळजी मला खोटी वाटली नाही, म्हणून मी मुख्याध्यापिका सिस्टरांना सरळ विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला जातात, त्याच तासाला बाकीच्यांचं व्हॅल्यू एज्युकेशन असतं. राज्यघटनेचं कलम 28 ही तेच सांगतं: सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येत नाही. सकाळच्या असेंब्लीत प्रार्थना होते, आमची लेक हात जोडून उभी राहते. सासूबाई म्हणाल्या, "हात जोडायला काय हरकत आहे!" विषय तिथेच मिटला.

आता खरी कसोटी, अभ्यासाची. जुनी शाळा सेमी-इंग्रजी होती, त्यामुळे गणित-विज्ञान इंग्रजीतूनच झालेलं होतं. अडलं ते इतिहासात. 1857 चा लढा तिला तोंडपाठ, गोष्ट सांगायला लागली की थांबायची नाही. पण इंग्रजीत उत्तर लिहायला बसली की दोन ओळींत पेन थबकायचं. पहिल्या चाचणीनंतर ती घरी येऊन रडली. "आई, मला येतं गं, फक्त लिहिता येत नाही." ते ऐकून माझ्याच पोटात गोळा आला.

यातून वाट दाखवली तिच्या इतिहासाच्या टीचरनी. बोर्ड तेच, म्हणजे पुस्तकही तेच, असं त्यांनी लक्षात आणून दिलं. बालभारती एकच पुस्तक निरनिराळ्या माध्यमांत काढते, आणि त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफही मिळतात. आम्ही आठवीचं मराठी पुस्तकही आणलं. रात्री जेवणं आटोपली की चटईवर दोन्ही पुस्तकं शेजारी-शेजारी उघडायची. धडा तोच, चित्रं तीच, खालचे स्वाध्यायही तेच. आधी मराठी परिच्छेद वाचायचा, मग इंग्रजी, आणि नवे शब्द पेन्सिलीने समासात लिहायचे. असहकार चळवळीच्या धड्यापर्यंत समास गच्च भरले होते. सविनय कायदेभंगापासून ते ओस पडायला लागले. भूगोलालाही हाच उपाय लागू पडला. इंग्रजी विषयाला मात्र पडला नाही. मराठी माध्यमात ती तिसरी भाषा, इथे पहिली, त्यामुळे पुस्तकच वेगळं आणि बरंच वरचं. तिथे वाचनाला पर्याय नव्हता. लायब्ररीच्या सिस्टर दर आठवड्याला तिला झेपेल असं पुस्तक काढून ठेवायच्या.

मला वाटतं, तिला तारलं ते निम्मं पुस्तकांनी आणि निम्मं शाळेतल्या बाकीच्या धामधुमीने. हाऊसच्या, म्हणजे शाळेतल्या गटाच्या मार्चपास्टला भाषा लागत नाही. तिथे तिची पहिली मैत्रीण झाली, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती घरातली, आईशी मराठीतच बोलणारी. डिसेंबरात सगळ्या वर्गाने नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा केला तेव्हा गवत आणि माती आणायची जबाबदारी आमच्या लेकीने घेतली, कारण दिवाळीतल्या किल्ल्याचा हात तिला होता. मराठीच्या तासाला तर उलटंच झालं, मुलं सुलभभारती, म्हणजे त्यांचं मराठीचं पुस्तक घेऊन तिच्याकडे यायला लागली. त्या दिवसापासून तिची मान ताठ झाली, ती मी पाहिली.

वार्षिक परीक्षेत इतिहासाच्या पेपरला तिने पुरवणी घेतली. आता नववीत तिला आरएसपीत, म्हणजे शाळेच्या रस्ता सुरक्षा पथकात जायचंय.

तुम्हीही हे करणार असाल तर जूनची वाट पाहू नका. मे महिन्यातच दोन्ही माध्यमांची इतिहास-भूगोलाची पुस्तकं आणा आणि सुट्टीत पहिले तीन-चार धडे जोडीने वाचून काढा. आम्ही ते ऑगस्टमध्ये सुरू केलं, तोवर पहिली चाचणी होऊन गेली होती.