शाळूतले भारीट

जानेवारी, रविवार

बेळगाव जिल्ह्यातल्या घटप्रभा नदीवरच्या धुपदाळ बंधाऱ्याच्या फुगवट्यावरचं धुकं आज लवकर हटलं नाही. तोवर नुसते आवाज: वारकरी पक्ष्यांची भांडणं, अडई बदकांची शीळ. मग बदकं दिसायला लागली. तलवार बदकं, चक्रांग आणि माझे लाडके थापटे. थापट्याची चोच पळीसारखी, पुढे रुंद, कडेला बारीक दाते. ती पाण्याला टेकवून तो पाणी गाळत जातो. कधी चार-सहा जण एकामागे एक गोल फिरतात, म्हणजे तळातलं खाद्य वर येतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला येणारे नर मादीसारखेच भुरकट असतात. हिरवं डोकं आणि तांबूस कूस आत्ता खुलते. बदकं ओळखायला शिकायचं तर पौषातच यावं.

इथलं घटप्रभा पक्षी अभयारण्य १९७४ साली जाहीर झालं. लोक येतात ते बहुतेक कांड्या करकोच्यांसाठी. ते आज दिसले नाहीत, पण परतताना भारीट, दाणे टिपणारे छोटे पक्षी, भेटले आणि माझा दिवस भरून गेला.

हुक्केरीच्या वाटेवर शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, एक तुकडा अजून आहे. कणसं हुरड्याला आलेली आणि त्यांवर काळ्या डोक्याच्या भारिटांचा थवा. आपले बरेचसे हिवाळी पाहुणे उत्तरेकडून येतात. हे पार पश्चिमेकडून, इराण आणि त्याही पलीकडच्या मुलखातून. पोट पिवळंधमक. नराचं डोकं सध्या मळकट आहे, परत जायच्या सुमारास काळंभोर होईल.

राखणीला बसलेल्या आजोबांनी विचारलं, "काय बघालास?" मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. बराच वेळ बघून म्हणाले, "दरसाल येत्यात ही. पैला लई यायची. आता शाळवाची रानं ऱ्हायलीत कुठं?"

खरंच आहे. हिडकल धरणाचं आणि धुपदाळचं पाणी कालव्यांनी शिवारात आलं, तसा ऊस वाढला. त्याच पाण्यावर बदकं हिवाळा काढतात, पण उसात भारिटाला टिपायला दाणा नाही. उसाला पैसा आहे, शेतकऱ्याला बोल कसा लावायचा? मला खटकतं ते आम्हा पक्षी बघणाऱ्यांचं. आम्ही सगळे पाण्याकाठी उभे राहतो, शाळूच्या रानाकडे पाठ करून. बदकांच्या नोंदी वह्या भरून आहेत, भारिटांच्या ओळी सापडत नाहीत.

पुढच्या रविवारी हुक्केरी ते संकेश्वर रस्त्यालगतचे शाळूचे तुकडे वहीत उतरवून घेणार आहे, कुठे किती भारीट ते सुद्धा. काढणी सुरू व्हायच्या आत व्हायला हवं.