मिलटाउनमध्ये मास्तरांशिवाय

आयर्लंडच्या पश्चिमेला, एनिसहून मिलटाउन मॅल्बे या गावी जाताना इनाघ लागतं. मला आयरिश संगीत शिकवणारे मास्तर शेजारी असते तर इथे त्यांनी मला कोपरखळी मारली असती. गॅरेट बॅरी या भागातला. आंधळा पाइपवादक (पाइप म्हणजे आयरिश बॅगपाइप), १८९९ मध्ये वारला. त्याचं वाजवणं कुठेही ध्वनिमुद्रित झालेलं नाही, तरी 'गॅरेट बॅरीज जिग' ही नाचाची चाल आज शिकाऊ पोरंसुद्धा वाजवतात. त्याच्याकडून ते संगीत गिल्बर्ट क्लॅन्सी या बासरीवाल्याकडे आलं आणि गिल्बर्टकडून त्याच्या मुलाकडे, विलीकडे.

मास्तर म्हणजे डब्लिनमध्ये आमच्या मागच्या गल्लीत राहणारे निवृत्त पोस्टमन. तिथे सगळे त्यांना नावानेच हाक मारत, माझ्याच्याने ते कधी झालं नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात मी टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी, शिकले. कागदावरचं नोटेशन दिसलं की ते त्यावर चहाचा कप ठेवत. चाल कानाने उचलायची आणि वाजवण्याआधी ती कुणाकडून घेतली ते सांगायचं, एवढे दोनच नियम. आपल्याकडे गुरूचं नाव घेताना गवई कानाला हात लावतात, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. मग विली क्लॅन्सीचं नाव निघालं की मुद्दाम दोन्ही कान धरायचे.

दर जुलैत ते मिलटाउनला जायचे. हिवाळ्यात ते वारले, म्हणून यंदा मी एकटीच आले.

विली व्यवसायाने सुतार. काही वर्षं लंडनला काढून १९५७ मध्ये, वडील वारल्यावर, गावी मिलटाउनला परतला. तो वाजवायचा ती इलन पाइप्स बसूनच वाजवतात. उजव्या कोपराखाली भाता, डाव्याखाली पिशवी, तोंडाने फुंकायचं काहीच नाही. सात वर्षं शिकायचं, सात वर्षं रियाज करायचा, सात वर्षं वाजवायचं, मग कुठे माणूस पाइपर होतो, असं तिथले लोक म्हणतात. विलीला खरा नाद लावला तो जॉनी डोरनने, घोड्याच्या गाडीतून गावोगाव, जत्रा-शर्यतींना वाजवत फिरणाऱ्या भटक्या वादकाने. डोरनचं वादन १९४७ मध्ये डब्लिनला तबकड्यांवर घेतलं गेलं. पुढच्याच वर्षी त्याच्या गाडीवर भिंत कोसळली, आणि १९५० मध्ये तो गेला. त्या तबकड्या मास्तरांनी मला इतक्यांदा ऐकवल्या, की त्यातली खरखरही मला पाठ आहे.

विली १९७३ च्या जानेवारीत गेला, ५४ व्या वर्षी. त्याच उन्हाळ्यात मित्रांनी त्याच्या नावाने उन्हाळी संगीतशाळा सुरू केली. पुतळा झाला तो चाळीस वर्षांनी. हा क्रम मला फार आवडतो.

ती शाळा दर जुलैत भरते, त्या आठवड्यात गाव ओळखू येत नाही. सकाळी शाळेच्या वर्गांत, हॉलमध्ये, लोकांच्या घरांत शिकवण्या चालतात. कुठे फिडल म्हणजे व्हायोलिन, कुठे कॉन्सर्टिना ही हातात धरायची छोटी पेटी, कुठे पाइपची रीड तासायचा वर्ग. राहायला जागा मिळणं कठीण, मला मिळाली ती गावाबाहेर, स्पॅनिश पॉइंटच्या बाजूला. संध्याकाळी पबमध्ये कोपरा पकडून सेशन, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवायची बैठक, बसते. परीक्षा नाही, माइक नाही. मात्र अनोळखी माणसाने उगाच घुसून मोठ्याने वाजवू नये, एवढा शिष्टाचार असतो. ढोलकी वाजवता येते म्हणून बोरान, म्हणजे आयरिश डफ, हातात घेणाऱ्यांनी तर दहादा विचार करावा.

एका सेशनमध्ये मला "तू सुरू कर" म्हणाले. मास्तरांची एक जिग वाजवली, आधी त्यांचं नाव सांगून. वाजवून झाल्यावर कॉन्सर्टिनावाल्या आजीबाईंनी मान हलवली.

"चाल त्याचीच. पण दुसरा भाग तो कायम चुकवायचा. आणि घाई! पोस्टमन ना, कुत्रा मागे लागल्यासारखा वाजवायचा."

फिडलवाला म्हणाला, चूक नाही, त्याने तसंच घेतलं होतं. कुणाकडून? यावर दोघांची जुंपली. अर्धा तास मास्तरांवर भांडण, तेही कोण कुणाच्या लग्नात काय वाजवत होतं इथपर्यंत. मी मास्तरांना इतकी वर्षं ओळखत होते, पण ऐन तरुणपणी ते लग्नात नाचणाऱ्यांना दमवून खाली बसवायचे, हे मला तिथे कळलं.

शेवटी आजीबाईंनी दुसरा भाग आपल्या पद्धतीने माझ्याकडून घोटवून घेतला. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तो तसा वाजवून पाहिला. बरा आहे, पण मला मास्तरांचाच पटतो.